कागद सरकला

५ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटच्या वर्षाला विभागाने नवीन खूळ काढलं आहे. छपाईच्या खोलीतला एक आणि चलतचित्राच्या खोलीतला एक अशा जोड्या लावायच्या, दोघांनी मिळून एकच काम करायचं आणि पदवीचे गुण त्यावर. विभागाच्या मुख्य बाई म्हणाल्या, "दोन माध्यमांत संवाद व्हायला हवा." बाईंना संवाद फार आवडतो. त्यांच्या मते शाई कागदाशी संवाद करते, भिंत खिळ्याशी संवाद करते. फक्त विद्यार्थ्याने तोंड उघडलं की त्यांना मीटिंग आठवते.

फिल्मवाल्यांबद्दलचं माझं मत इथे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे रोज लिहायला नको. ते गळका नळ अर्धा तास चित्रित करतात आणि त्याला 'काळ' असं नाव देतात. त्यांच्या खोलीत पडदे ओढलेले आणि गाद्या पसरलेल्या असतात. निम्मे झोपलेले असतात, उरलेले झोपेवर फिल्म करत असतात. आमच्या खोलीत नखं काळी होतात आणि प्रेसचं चाक ओढून खांदे भरून येतात. या दोन जातींचा संवाद व्हायचा म्हणे.

माझ्या वाट्याला मुंगी आली आहे. खरं नाव हजेरीपटावर असेल. बारकी, गप्प, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. मी विचारलं, "तुला नक्की काय येतं?" तर म्हणाली, "बघता येतं." आता यावर माणसाने काय बोलावं?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय करायचं ते मीच ठरवलं. मुंगीने मान हलवली, तेवढं तिचं योगदान.

जस्ताचा एकच पत्रा घ्यायचा. त्यावर सुईने ओरखडून चित्र काढायचं, शाई भरायची, ठसा घ्यायचा. मग त्याच पत्र्यावरच्या काही रेघा खरवडून, घोटून पुसायच्या, थोड्या नवीन ओढायच्या आणि पुन्हा ठसा. असं करत जायचं. प्रत्येक नवा ठसा आधीच्याला खाऊन टाकतो, मागे फिरता येत नाही. मुंगी प्रत्येक ठशाचा फोटो काढणार आणि ते एकापुढे एक जोडून फिल्म करणार. म्हणजे बटण दाबणार. खुर्चीत बसलेली एक बाई हळूहळू उठून उभी राहते, एवढंच चित्र. चित्रातली बाई म्हणजे माझी आत्या. तिच्याच घरी राहतो, त्यामुळे मॉडेल शोधायला नको.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी 'स्मृती', 'शरीर' आणि 'अवकाश' हे तिन्ही शब्द एका वाक्यात बसवले. तेवढं झाल्यावर नियम सांगितला. प्रत्येक ठशावर त्याच दिवशी विभागाचा शिक्का आणि तारीख पडणार आणि शेवटी सगळेच्या सगळे ठसे भिंतीवर लागणार. एकही गाळायचा नाही. चुका लपवणाऱ्यांसाठी नियम ठीक आहे. मला त्याचं काय?

१० नोव्हेंबर, रविवार

आत्याची पहिली बैठक. स्वयंपाकघरातली हातांची लाकडी खुर्ची खिडकीशी ओढली. ती म्हणाली, "शहाण्या, हलायचं नाही म्हणजे श्वास घेऊ का?" मी म्हटलं, बेताने घे.

आत्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मी शाळेत होतो तेव्हापासून तिथेच. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापून पुडीत घालायच्या, कितीदा घ्यायच्या ते वर लिहायचं. आयुष्यभर लोकांचे खोकले ऐकले, पण रविवारीही दुकानाचं बोलते. अमका कसा आला, तमकीचं पोट कसं. मी कान बंद करून काढत होतो.

पत्रा आरशासारखा चकाकतो, त्यावर सुईची रेघ धड दिसतही नाही. डोळा समोर ठेवायचा आणि हात चालू द्यायचा. काय काढलंय ते शाई भरून ठसा घेतल्यावरच कळतं. येरागबाळ्याचं काम नाही हे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज कोकराचा ठसा. कोकरू म्हणजे आमच्या वर्गातला तो मऊ मुलगा, ज्याला सगळ्यांचंच सगळं आवडतं. प्रेसवरून कागद उचलला तर प्रत्येक रेघ दोनदा. रोलरखालचा फेल्ट, म्हणजे लोकरीचा जाड कपडा, नीट ताणला नाही की ओला कागद केसभर सरकतो आणि चित्राला जुळं होतं. पहिल्या वर्षाची चूक. मी तो ठसा उचलून सगळ्यांना दाखवला. म्हटलं, "घ्या, एकाच्या मेहनतीत दोन चित्रं. याला दोन पदव्या द्यायला हव्यात." खोली हसली. कोकरूही हसलं, हीच त्याची अडचण आहे. ज्याला स्वतःच्या चुकीचा राग येत नाही त्याने दुकान थाटावं, कला कशाला करावी?

२५ नोव्हेंबर, सोमवार

कालच्या बैठकीचा ठसा घेतला. आत्याच्या हाताशी दुहेरी रेघा. माझ्या ठशात. मुंगी कॅमेरा लावून उभीच होती, म्हणून मी शांत राहिलो. नक्कीच फेल्ट कुणीतरी ढिला केला असणार. या खोलीत सार्वजनिक वस्तूला हात लावायची अक्कल कुणालाच नाही. मी फेल्ट ताणून पुन्हा ठसा घेतला, तरी तेच. मग रोलरचाच दोष असेल. विभागाचे पैसे त्या गाद्यांवर गेले, दुसरं काय.

शिक्का पडला. नाइलाजाने तोही ठसा भिंतीवर लागणार.

१ डिसेंबर, रविवार

आत्या एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून बसली, शाळेच्या फोटोत बसतात तशी. मी म्हटलं हात मोकळे ठेव, खुर्चीच्या हातांवर. म्हणाली, "असंच बरं वाटतं." म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून मी काढत नाहीये. तिने हात काढून ठेवले. मग मध्येच उठून एक गोळी घेतली. कसली विचारलं, तर जीवनसत्त्वाची. दुकानात राहून राहून माणसं सुपारी खावी तशा गोळ्या खायला लागतात.

दुसऱ्या तासाला मात्र छान बसली. दर वेळी असंच. पहिला तास चुळबुळ, दुसरा तास पुतळा. मी म्हटलं, "पहिल्यापासून अशी बसत जा ना." म्हणाली, "बघते."

५ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा दुहेरी हात. आठवडाभर घोटून पुसतो, सोमवारी पुन्हा उगवतो. पुसलेल्या रेघांच्या पुसट सावल्याही पत्र्यात राहतात, त्या वेगळ्याच. मला स्वच्छ काम हवं आहे आणि पत्र्यावर गर्दी जमली आहे.

मुंगी आज चक्क बोलली. "कागद सरकला असता तर खुर्चीही दुहेरी आली असती ना?"

मी म्हटलं, "प्रेस कधी चालवलायस?"

"नाही."

"मग."

ती खुर्चीच्या पायाकडे बघत राहिली. मग विचारलं, "ठशात डावा आहे, म्हणजे खरा उजवा ना त्यांचा?" ठसा उलटा येतो एवढं तिला कळलं, हा एक महिन्याचा संवाद. मी हो म्हणून शाई मळायला घेतली.

२२ डिसेंबर, रविवार

आत्याला काटकसरीचं वेड लागलं आहे. चहा अर्धाच कप देते. म्हणे चहा कमी केलाय. स्वतःचा कमी कर ना, माझा का? पुढून बटणांचे जे दोन-तीन स्वेटर होते तेही कुणाला तरी देऊन टाकले आणि डोक्यातून घालायचा एकच ठेवला. माणूस एकटा राहिला की असली खुळं शिरतात. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "जरा बघ तिच्याकडे." दर रविवारी दोन तास बघतो, आणखी किती बघू?

१३ जानेवारी, सोमवार

बाईंनी सगळे ठसे टेबलावर मांडून पाहिले. मला वाटलं सावल्यांवरून झापतील. त्या बराच वेळ हातांवर थांबल्या आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना रे?" हा प्रश्न छपाईच्या कोणत्या पाठात येतो ते मला माहीत नाही. मी म्हटलं, ठीक. "आत्याशी बोलतोस ना?" म्हटलं, बोलतो, हलू नकोस म्हणून. त्यांनी शिक्के मारले आणि पुढे गेल्या.

एवढं मात्र सांगितलं की, यंदा छपाईत जो पहिला येईल त्याला वर्षभर प्रेस वापरायला मिळेल, खोलीची किल्ली हातात. हे ऐकून मी रात्री नीट झोपेन असं वाटत नाही. प्रेस घरात मावत नाही आणि कुणी उसना देत नाही. किल्ली मिळाली नाही तर माझं जे काही आहे ते जूनमध्ये संपलं. कुठल्या तरी जाहिरातवाल्याकडे साबणाचे फेस काढत बसावं लागेल. पण माझ्याशिवाय आहे कोण? कोकरू?

९ फेब्रुवारी, रविवार

आत्याने परस्पर दुकानाच्या मालकाला आणि काउंटरवरच्या दोघी मुलींना प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन टाकलं. "माझं चित्र लागणार आहे म्हटलं, भिंतभर." मी म्हटलं, चित्र माझं आहे. म्हणाली, "बाई तर माझीच ना त्यातली." मालक कोटाला पेन लावणारा गृहस्थ. कलेत त्याला कॅलेंडरापलीकडे काही कळत असेल असं वाटत नाही. येऊ दे. गर्दी वाढेल.

आज ती खुर्चीतून उठताना दोनदा मागे बसली. मी दोन्ही वेळा काढलं.

३ मार्च, सोमवार

शेवटचा ठसा झाला. आत्या उभी आहे. खुर्ची रिकामी. खुर्चीच्या हातावर तिच्या हाताच्या सगळ्या जुन्या सावल्या. रागाने पत्रा टेबलावर टाकला आणि मुंगीला म्हटलं, जोड तुझी फिल्म.

४ मार्च, मंगळवार

दुपारी त्या गाद्यांच्या खोलीत बसून पाहिली. दोघंच होतो.

ठसे मी एकेक करून पाहिले होते. प्रत्येक ठशापाशी तासन् तास घालवले होते. ओळीने, सलग, एकही पाहिला नव्हता. पडद्यावर आत्या बसली होती आणि तिचा हात हलत होता. आधी जेमतेम. मग जरा थांबायचा, मग पुन्हा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. चेहरा शांत. खुर्ची दगडासारखी. फक्त हात, कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. मग ती उठायला गेली, मागे बसली, पुन्हा उठली, पुन्हा मागे बसली.

मी म्हटलं, "तुझी जोडणी चुकली आहे."

मुंगी म्हणाली, "माझ्या आजोबांचा असाच होता. जेवताना पेला धरून बसायचे, रिकामा."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"डिसेंबर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तू विचारलंस, प्रेस कधी चालवलायस."

मी तिला पुष्कळ बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली, मला बघायची आहे का असं न विचारता. मी बघितली.

रोलरला दोष दिला. फेल्टला दिला. माझ्या हाताने जे जसं दिसलं तसं काढलं आणि मी दर आठवड्याला ते घाण समजून घोटून पुसत बसलो. मला स्वतःची किळस आली आहे.

५ मार्च, बुधवार

सकाळी ती दुकानात जायच्या आधी म्हटलं, "आत्या, हात दाखव."

तिने कप ठेवला. "कधी कळलं?"

"काल."

"काल," ती म्हणाली. "चार महिने समोर बसून बघत होतास, शहाण्या."

सव्वा वर्ष झालं म्हणे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, ती गोळी जीवनसत्त्वाची नाही. गोळी घेतली की काही तास हात ऐकतो, तेवढ्यात ती दुकान निभावते. हे सगळं ती पुडीवर लिहून दिल्यासारखं सांगत होती.

मी विचारलं, "मालकाला सांगितलंस?"

"सांगेन. सांगायचं तेव्हा मी सांगेन. अजून माझी पट्टी सरळ कापली जाते. नाही कापली गेली की त्याच दिवशी सांगेन, दुसऱ्या दिवसाची वाट बघणार नाही. पण ते त्याला तुझ्या भिंतीवरून कळायला नको."

"मग बोलावलंस कशाला त्याला?"

"मला काय माहीत तू हात काढतोयस. लोक चेहरा काढतात."

"आणि बसलीस तरी कशाला? सांगायचं होतंस, जमत नाही म्हणून."

"रविवारी तरी तू दोन तास घरात असायचास," म्हणाली. मग चप्पल घालून गेली. माझ्या कपात चहा अर्धाच होता आणि आता मला तो का अर्धा आहे ते माहीत होतं.

७ मार्च, शुक्रवार

बाईंना विचारलं, काही ठसे काढून घेता येतील का. नाही. लावले तर सगळे, नाहीतर काम मागे घ्यायचं आणि वर्ष गेलं असं समजायचं. दोघांचंही. मुंगीचं वर्ष घालवायचा मला काय अधिकार?

मुंगीला म्हटलं, फिल्ममध्ये तरी तो हात थांबव, कॉम्प्युटरवर होतं ना सगळं. ती म्हणाली, होतं. "पण मग भिंतीवर एक आणि पडद्यावर दुसरं होईल. मग तर ज्याला नाही दिसलं तोही विचारेल." बरोबर आहे. मुंगीचं बरोबर असण्याची मला आता सवय करून घ्यावी लागणार.

आत्याला म्हटलं, मालकाला नको म्हणून सांग. म्हणाली, "कसं सांगू? त्याने त्या संध्याकाळी दुकान बंद ठेवायची पाटी लावली आहे. आणि उगाच घाबरू नकोस, लोक चित्रासमोर उभे राहतात ते स्वतःचा फोटो काढायला." हे मात्र ती लाखाचं बोलली.

१४ मार्च, शुक्रवार

प्रदर्शन झालं. घरी आल्या आल्या लिहितो आहे.

आमच्या विभागात बाहेरचा परीक्षक प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी येतो, पाहुणे असतानाच, आणि कामासमोर उभा राहून प्रश्न विचारतो. शिकवलेलं लोकांसमोर बोलता आलं पाहिजे, हे बाईंचं तत्त्व. त्यामुळे परीक्षेला घरची माणसं, शेजारची माणसं आणि फुकट सरबताला आलेले सगळे हजर.

छपाईचे गुण माझे आणि फिल्मचे मुंगीचे असे वेगळे लागतात, एवढं मी आधीच विचारून घेतलं होतं.

आत्या आली. चांगली साडी, पर्स दोन्ही हातांत पोटाशी धरलेली. तिच्याबरोबर मालक, कोटाला पेन, आणि त्या दोघी मुली. मालक पहिल्या ठशापासून क्रमाने निघाला. मला वाटलं होतं तो एका नजरेत भिंत आटपेल. पण हा माणूस आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचत आलेला. प्रत्येक ठशापाशी थांबून, चष्मा वर-खाली करून बघत होता. मुली म्हणत होत्या, "अगदी तशाच दिसताहेत ना." आत्या म्हणत होती, "नाक जरा मोठं काढलंय." आणि मालक पुढच्या ठशाकडे सरकत होता.

तेवढ्यात परीक्षक आला. बुटका, बोटांना जुनी शाई, म्हणजे निदान कधीतरी काम केलेला. त्याने फिल्म पाहिली, पुन्हा पाहिली, मग भिंतीशी येऊन डिसेंबरच्या ठशांसमोर उभा राहिला. बाई मागे, मुंगी बाजूला, कोकरू नेहमीप्रमाणे सगळ्यांचं ऐकायला आलेलं. मालक दोनच ठसे पलीकडे उभा होता, म्हणजे हाकेच्याही अलीकडे.

परीक्षक म्हणाला, "अशी छपाई मी बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही. या हाताचंच विचारतो. या रेघा हलताहेत. हे तुम्ही बघून काढलंय. हो ना?"

मला माहीत होतं की 'हो' म्हटलं की किल्ली माझी. एका अक्षराचं काम होतं. बाकीचं भाषण त्यानेच केलं असतं, शरीर, स्मृती, सगळं. मालकाने चष्मा वर करून आमच्याकडे बघितलं. आत्याने पर्स घट्ट धरली होती आणि पर्सचा पट्टा हलत होता.

मी म्हटलं, "नाही. कागद सरकला."

"म्हणजे?"

"फेल्ट ढिला होता. ओला कागद रोलरखाली सरकला आणि रेघ दोनदा आली. माझी चूक आहे."

"प्रत्येक वेळी?"

"बऱ्याच वेळा. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही."

खोलीत कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं. परीक्षक पुन्हा ठशाकडे वळला. खाली वाकून खुर्चीच्या पायाकडे बराच वेळ बघत राहिला. खुर्चीचा पाय एकाच रेघेचा, सुरीने कापल्यासारखा. मग त्याने मान वळवून आत्याकडे पाहिलं, अगदी ओझरतं, आणि पेनाचं टोपण लावलं. "ठीक आहे. कागद सरकला," म्हणाला, मुद्दाम ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "छपाईवर मेहनत घ्या." आणि पुढच्या कामाकडे गेला.

मठ्ठ. इतकी वर्षं या धंद्यात काढून माणसाला खुर्चीचा पाय कळू नये? असा परीक्षक पाठवला म्हणून आज मी देवाचे आभार मानतो, पण पुढच्या मुलांची दया येते. बाईंनीही काही ओळखलं नाही. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या, कच्च्या विद्यार्थ्याच्या ठेवतात तसा.

मालक आत्याला म्हणाला, "ताई, मीही मघापासून तेच बघत होतो, हाताला काय झालंय. छापताना बिघडलं होय." आणि मला म्हणाला, "होईल, होईल. सरावाने जमतं."

आत्या म्हणाली, "भाचा आहे माझा. शिकेल."

किल्ली कोकराला मिळाली. तासाभरात बाईंनी जाहीरच केलं. तो सरळ माझ्याकडे आला आणि मला वाटलं आता नोव्हेंबरचं परत करणार. पण त्याला तेही येत नाही. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस रे. माझाही सरकला होता. तू येत जा खोलीत, मी तुला फेल्ट ताणायचा दाखवतो." आत्या शेजारी, मालक समोर. तो हातांनी हवेत फेल्ट ताणून दाखवत होता, चुकीचा, आणि मी "अच्छा, असं होय" म्हणत उभा होतो. मुंगी त्याच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होती. तिला बघता येतं, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मालक आणि मुली रिक्षाने गेल्या. आम्ही चालत निघालो, आत्याला चालायचं होतं. कोपरा वळल्यावर ती म्हणाली, "पहिला आला असतास."

"परीक्षक मठ्ठ होता," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने पर्स डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझा दंड धरला. गोळीची वेळ टळून गेली असणार. हात सुटलाच होता, माझी बाही खांद्यापर्यंत हलत होती. एवढ्यात समोरून दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं, दम्याचे आजोबा, आणि थांबून आत्याची चौकशी करू लागले. त्यांची नजर माझ्या बाहीवर जाण्याच्या आत मी बोलायला लागलो. प्रदर्शन किती भिकार झालं, सरबत किती पाणचट होतं, शिक्षक कसे, परीक्षक कसा, जे तोंडाला येईल ते, आणि बोलताना आत्याने धरलेला हात उगाचच वर-खाली नाचवत होतो. आजोबा हसायला लागले. म्हणाले, "ताई, भाचा फार तडतड्या आहे हो."

आत्या म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे." तिने दंड सोडला नाही. घर येईपर्यंत आणखी दोघं ओळखीचे भेटले, त्यांच्यापुढेही मी असाच बडबडत राहिलो.